दहावा मार्क

पुणे, ४ मे २०१४

चि. अश्लेषा हिला आशीर्वाद.

कंपनीच्या ट्रेनिंगसाठी जूनमध्ये फ्रान्सला, ल्योंला जाणार आहेस हे वाचून बरं वाटलं. "सर, तिकडून काय आणू?" असं विचारलं आहेस. चीज आणलंस तर अनघा मला खाऊ देणार नाही, आणि अत्तर आणलंस तर ते लावणारी तुझी काकू आता घरात नाही. मला काही नको. तू फक्त ऑब्रेझला जाऊन ये.

फ्रेंचच्या पुस्तकातला ऑब्रेझचा सातवा धडा विसरली नसशील. शाळेच्या मैदानात खडूने गाव आखायचो आपण. मधे चौक, चौकात कारंजं, वर चढावर चर्च, उजवीकडे शाळा, डावीकडे पावाचं दुकान. मग एकेकाने फ्रेंचमध्ये वाट सांगत चालायचं, आणि चुकला की थेट नदीत पडायचा. वर्षभर तू पाववाली मादाम रूसेल होतीस, अनघा मास्तरीण होती. पोस्टमन मात्र मीच. पोस्टमनला सगळ्या घरी जायला मिळतं, म्हणून ते काम मी कधी कुणाला दिलं नाही.

फ्रान्सच्या मधोमध, विझलेल्या ज्वालामुखींच्या पठारावर आहे ते गाव. दगड आपल्या सह्याद्रीसारखाच काळा. वर थंडी फार, जमीन थोडी, म्हणून तिथले पुरुष पॅरिसला कोळसा विकायला जायचे, कोकणातले मुंबईला गेले तसे. निघताना कारंज्याचं पाणी पिऊन निघायचं, म्हणजे माणूस परत येतो अशी त्यांची समजूत. किती परत आले ते धड्यात नाही.

तोंडी परीक्षेत मी कुणाला नऊच्या वर मार्क दिले नाहीत. तू भांडली होतीस, रडलीही होतीस. दहावा मार्क तिथे जाऊन आलेल्याला, असं मी म्हणालो होतो. वर्गातले पुष्कळजण आता पॅरिसला जाऊन टॉवरखाली फोटो काढून येतात. ऑब्रेझला अजून कुणी गेलं नाही. मी तर नाहीच नाही.

फोन करू नकोस. मला ऐकू येत नाही आणि मी उगीच "हो हो" म्हणत बसतो. सविस्तर पत्र लिही.

तुझा,
निशिकांत पोंक्षे


बिशान, सिंगापूर, १६ जून २०१४

प्रिय सर,
साष्टांग नमस्कार.

सर, मी माझ्या दुकानात जाऊन आले!

तिथल्या पहिल्याच रविवारी सकाळी ल्योंहून आगगाडी, पुढे टॅक्सी. वळणावळणाचा रस्ता, दोन्हीकडे गवताळ डोंगर, शेवटच्या वळणावर एकदम चर्चचा मनोरा. मला नकाशा लागलाच नाही. चौकात उतरले आणि पाय आपोआप डावीकडे वळले. दुकान आहे, सर! बाहेर रांग होती. आतल्या बाईंना मी म्हटलं, मी पुण्यात वर्षभर तुमचं दुकान चालवलंय. त्या इतक्या हसल्या, की पावाचे पैसेच घेईनात.

कारंजं वाहतं आहे. मी ओंजळीने पाणी प्यायले, दात शिवशिवले इतकं गार. शाळेची घंटा अजून आहे, भिंतीवर मुलांनी रंगवलेले मासे आहेत. दारात बसून लेस विणणारी एक आजीसुद्धा दिसली. धडा लिहिणाऱ्याने अगदी खरं लिहिलंय. सोबत तीन फोटो पाठवते.

माझा धवल नऊ वर्षांचा आहे. तो तुमच्या पत्रांवरची तिकिटं जमवतो, तेव्हा मोठी तिकिटं लावा असं त्याने सांगितलंय.

आता दहावा मार्क द्या.

तुमची,
अश्लेषा


पुणे, ३० जून २०१४

चि. अश्लेषा,

तुझं पत्र शर्टाच्या खिशात घालून फिरतो आहे. इस्त्रीवाल्यालाही वाचून दाखवलं. काकू गेल्यापासून या घरात मोठ्याने काही वाचलं गेलं नव्हतं. अनघा म्हणाली, बाबा, आवाज खणखणीत लागला तुमचा.

एक शंका. फोटोत घरांचा दगड फिकट, पिवळसर दिसतो. ऑब्रेझचा दगड काळा असायला हवा. उन्हामुळे असेल. तिथलं ऊन मी पाहिलेलं नाही, तू पाहिलं आहेस. तेव्हा तुझंच खरं.

मार्काचं म्हणशील, तर परीक्षकाने स्वतः उत्तर तपासल्याशिवाय मार्क कसा द्यायचा? हे मी अनघाला म्हणालो तेव्हा गंमतच करत होतो. मग रात्रभर विचार केला आणि सकाळी पासपोर्टसाठी फोटो काढून आलो. सप्टेंबरमध्ये जातो आहे. अनघा सोबत येते, कारण डॉक्टर एकट्याला सोडत नाहीत. छाती उघडून शिवलेली असली, तरी पाय शाबूत आहेत.

या वयात आता कुठे जायचं राहिलंय असं मला वाटत नव्हतं. तुझ्या पत्राने ते वाटायला लावलं.

तुझा,
पोंक्षे सर

ता. क. धवलसाठी मोठी तिकिटं लावली आहेत.


ईमेल. ८ जुलै २०१४
अश्लेषाकडून अनघाला

अनघा,

ऑफिसात बसून लिहितेय, घरी नवऱ्यासमोर लिहिलं तर प्रसन्न विचारेल का रडतेस. क्वीन्सटाउनच्या या इमारतीत रडायला फक्त पॅन्ट्री आहे.

मी सरांना लिहिलेलं सगळं खोटं आहे.

गेले होते, ते खरं. दुकानाचं शटर खाली होतं आणि वरची अक्षरं अर्धी गळून पडलेली. कारंजं कोरडं, कुंडात पालापाचोळा. शाळेच्या दारावर साखळी. चौकात युद्धात मेलेल्यांच्या नावांचा दगड आहे, त्यावर तीच तीच आडनावं पुन्हा पुन्हा. एवढ्याशा गावात एवढी नावं. जिवंत मात्र कुणी दिसेना. पाऊस भुरभुरत होता, बूट ओले झाले, टॅक्सीवाला घड्याळ बघत होता. मला, खरं सांगते, कंटाळा आला. ड्रायव्हर म्हणाला, पलीकडच्या खोऱ्यात चांगलं गाव आहे, तिथे कॉफी मिळते. आम्ही तिथे गेलो. फोटो तिथले आहेत.

पण हेही सगळं नाही. निघताना एका खिडकीत म्हातारी बाई दिसली. तिने हात वर केला. मी तीन वर्षं सरांकडे शिकले, दहापैकी नऊ. आणि माझ्या तोंडून साधं 'बोंजूर' निघालं नाही. चुकेल, हसेल, असं काहीतरी वाटलं. मी टॅक्सीत बसले आणि दार ओढून घेतलं.

इथे आल्यावर दोनदा खरं लिहायला बसले. 'दुकान बंद आहे' एवढं लिहिलं आणि सर भिंगातून ते वाचताना डोळ्यांपुढे आले. मग वाटलं, त्यांना कुठे जायचंय? एक गोड पत्र लिहिलं तर कुणाचं काय जातं? आणि लिहायला लागल्यावर मजा आली गं. पैसे न घेणारी पाववाली लिहिताना मी स्वतःशीच हसत होते.

धवलला सगळं कळलं, मी फोटो निवडत होते तेव्हा. इथल्या पोरांच्या इंग्रजीत म्हणाला, "ममा, यू ब्लफ युअर टीचर, इज इट? नॉट नाइस लाह." मी त्याला गप्प बसवलं.

आमच्या ब्लॉकखाली एक चिनी आजी रोज सकाळी बाकावर बसते, मला बघून हात करते. हल्ली मी मागच्या लिफ्टने उतरते.

काय करू?


ईमेल. ९ जुलै २०१४
अनघाकडून अश्लेषाला

काय करू म्हणे! करून तर बसलीस.

बाबा रोज सकाळी त्या खडूच्या गावाचा नकाशा काढतात आणि तुझ्या पत्रातलं त्यात भरतात. रांग इथे होती, मासे या भिंतीवर. पाववालीला द्यायला म्हणून चितळ्यांच्या बाकरवडीचे डबे घेणार आहेत. जिने चढायचा सराव चालू आहे. आई गेल्यावर हा माणूस वर्षभर खुर्चीतून उठत नव्हता, तो आता मला चालण्यात मागे टाकतो. हे सगळं तुझ्या थापेवर उभं आहे.

मी सांगणार नाही. मी सांगितलं, तर त्यांना वाटेल पोरीला न्यायचं नाही म्हणून बहाणा करतेय. आणि मुळात मी का सांगू? खोटं तुझ्या अक्षरात आहे, खरंही तुझ्याच अक्षरात जाऊ दे. अजून दोन महिने आहेत. लिही.


बिशान, ३ ऑगस्ट २०१४

प्रिय सर,
नमस्कार.

तुम्ही जाणार हे ऐकून आनंद झाला. थोडी काळजीही वाटते. सप्टेंबरात तिथे गारठा असतो, चढ बराच आहे, दवाखाना जवळ नाही. गाव लहान असल्याने एखादे दिवशी सगळं बंदही असू शकतं. मी गेले तो दिवस कदाचित विशेष असेल.

त्यापेक्षा तुम्ही आणि अनघा इकडे का येत नाही? इथे सगळं सपाट आहे, बसायला जागोजागी बाकं, खालीच खाण्याच्या टपऱ्यांचं हॉकर सेंटर. धवलला तुम्ही फ्रेंच शिकवाल. मी तिकिटं काढू का?

मला तुम्हाला अजूनही काही सांगायचं आहे, पण ते सवडीने लिहीन.

तुमची,
अश्लेषा


पुणे, १८ ऑगस्ट २०१४

चि. अश्लेषा,

सवडीने काही सांगायचं आहे म्हणतेस, तर सांग. मी कधी कुणाला हातावर छडी मारलेली नाही, फक्त मार्क कापले.

सिंगापूर नंतर कधीतरी. तू गेलीस तो दिवस विशेष असेल, तर आम्हाला साधा दिवस दिसेल. साध्या दिवशी गाव जास्त चांगलं कळतं.

स्वेटर घेतला आहे. काळजी करू नकोस.

तुझा,
सर


ईमेल. १० सप्टेंबर २०१४
अश्लेषाकडून अनघाला

अनघा,

आज सकाळी सरांना सगळं लिहिलं आणि ऑफिसला जाताना बिशानच्या पोस्टात टाकलं. खिडकीतल्या बाईसकट सगळं लिहिलंय.

तुम्ही शुक्रवारी निघणार. पत्र त्याआधी पोचत नाही हे मला पेटीत टाकताना माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच टाकता आलं. हे तुला न सांगता राहवत नाही, कारण नाहीतर पुढे मी स्वतःलाच सांगेन की मी वेळेत लिहिलं होतं.

त्यांना जपून ने. शटर बघायच्या आधी कुठेतरी बसव.


ईमेल. १७ सप्टेंबर २०१४
अनघाकडून अश्लेषाला

क्लेर्मों-फेराँच्या हॉटेलातून लिहितेय. बाबा झोपलेत. बरे आहेत, आधी तेवढं वाच.

काल गेलो. टॅक्सी शेवटच्या वळणावर आली तसं त्यांनी माझा हात धरला. चौकात उतरल्यावर ते डावीकडे वळले, थेट शटरपर्यंत गेले आणि उभे राहिले. बाकरवडीची पिशवी हातात. मी म्हटलं, बाबा, बसा. ते बसले नाहीत. कारंज्यात हात घातला, शाळेची साखळी ओढून बघितली. नावांच्या दगडासमोर उभं राहून सगळी नावं वाचली, हजेरी घेतात तशी, एकेक करून. मग भिंतीवर हात ठेवून मला म्हणाले, "बघ, दगड काळा आहे. मी म्हटलं नव्हतं?"  मी सांगते अश्लेषा, त्या क्षणी तू समोर असतीस तर मी तुला त्या कोरड्या कुंडात ढकललं असतं.

मग त्यांनी खिडकीतल्या म्हातारीला बघितलं. तिने हात वर केला. बाबांनी टोपी काढली आणि जाऊन दार वाजवलं.

आम्ही तिथे संध्याकाळपर्यंत होतो. तिची आई लेस विणायची. दोघे भाऊ पॅरिसला गेले आणि तिथलेच झाले. पाव आठवड्यातून दोनदा गाडीतून येतो. कारंजं कधीच बंद झालं, पण डोंगराचं तेच पाणी आता तिच्या नळाला येतं. बाबा दोन ग्लास प्यायले. बाबांचं फ्रेंच तिला समजत होतं! एकदा मात्र ती हसली. म्हणाली, तुम्ही माझ्या आजोबांसारखं बोलता. बाबा इतके खूश झाले की लाजले.

मग ती म्हणाली, जूनमध्ये एक हिंदुस्थानी बाई आली होती. मी हात केला, तर गाडीत बसून निघून गेली. मी तिला घाबरवलं असं वाटत राहिलं मला.

बाबा म्हणाले, ती माझी विद्यार्थिनी.

ती म्हणाली, मग तिने दार का नाही वाजवलं?

जन्मभर दुसऱ्यांकडून उत्तरं काढून घेणाऱ्या माणसाने बाकरवडीचा डबा तिच्याकडे सरकवला. मग म्हणाला, "माझं शिकवणं कमी पडलं."

हे तुला कळवू नये असं वाटलं होतं. पण कळवलं.


पुणे, ५ ऑक्टोबर २०१४

चि. अश्लेषा,

आम्ही परत आलो तेव्हा पेटीत तुझं पत्र पडलेलं होतं. शिक्क्यावरची तारीख पाहिली. ते न उघडता सोबत परत पाठवतो आहे. पोचू नये म्हणून टाकलेलं पत्र वाचू नये, असं माझं मत आहे. शिवाय त्यात काय असेल ते मी तिथे जाऊन वाचून आलो.

गाव कसं आहे ते तुला ठाऊक आहे, तेव्हा वर्णन करत नाही.

परवा दसऱ्याला जुनी मुलं सोनं द्यायला आली होती. चारुदत्त आता आजोबा झाला, तरी दारातच ओरडला, "सर, कारंजं वाहतंय का?" मी म्हणालो, वाहतंय की, अश्लेषाने लिहिलंय तसंच. पाव घेतलात का? घेतला. मासे आहेत का भिंतीवर? आहेत. अनघा उठून स्वयंपाकघरात गेली. वर्गासमोर मी खोटं कधी बोललो नव्हतो. पहिल्यांदा बोललो, आणि समोर सगळे चेहरे फुलत गेले तेव्हा कळलं की हे किती सोपं असतं. तोवर तुझ्यावर फार रागावलो होतो. परतीच्या विमानात अख्खं पत्र मनात लिहून ठेवलं होतं. ते आता लिहिता येत नाही, कारण आपण दोघेही एकाच बाकावर आलो.

मला तिथे नेल्याबद्दल तुझा राग नाही, हे मात्र नीट समजून घे. तू खरं लिहिलं असतंस तर मी खुर्चीतच राहिलो असतो आणि ते पाणी प्यायलो नसतो. पण म्हणून तुझं खोटं बरोबर ठरत नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि त्यांचं गणित मला सुटलेलं नाही.

लबाडीचे मार्क मी कधी कापले नाहीत. मुलं घाबरून लबाडी करतात. दार न वाजवण्याचे कापतो. एवढं शिकून, समोरच्या माणसाने हात वर केल्यावर तू पाठ फिरवलीस, ते मला लागलं. तुला माझं दुःख नको होतं म्हणून तू लिहिलंस, असं अनघा सांगते. असेल. पण मी पुण्यात खुर्चीत बसलो होतो. ती बाई तुझ्या समोर होती.

तिला अजून वाटतं की तिने तुला घाबरवलं. मी समजावून सांगितलं, तिला पटलं नाही. निघताना दारात तिने विचारलं, ती पुन्हा येणार आहे का? मी तुझ्या वतीने हो म्हणालो. हे माझं दुसरं खोटं होऊ देऊ नकोस.

तुझे नऊ कायम आहेत. दहावा मार्क मी तिच्याकडे ठेवून आलो आहे, तो तिच्याच हातून घे. धवललाही ने.

दार निळं आहे. जोरात वाजव, तिलाही माझ्यासारखंच कमी ऐकू येतं. आणि फार उशीर करू नकोस. ती माझ्याहून मोठी आहे.

तुझा,
पोस्टमन